३१ हजारांची पहिली एमटीबी, चौदा महिन्यांनंतर

एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, डोंगरात चालवायची सायकल घेऊन चौदा महिने झाले. एक अख्खा पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आणि हा दुसरा पावसाळा अर्धा, एवढं सगळं बघून झालंय म्हणून आता लिहिते. मी सायकल शोधत होते तेव्हा घेतल्या घेतल्या पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू ढिगाने वाचले आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण नवी सायकल सगळ्यांनाच मस्त वाटते. खरं काय ते पहिल्यांदा पडल्यावर, पहिला चिखल धुतल्यावर आणि पहिलं सर्व्हिसिंग झाल्यावर कळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या किमतीत चार-पाच कंपन्या जवळपास तेच सामान लावून देतात, रंग आणि स्टिकर तेवढे वेगळे. त्यामुळे हा तीस-पस्तीस हजारांच्या हार्डटेलचा रिव्ह्यू आहे असं समजा. हार्डटेल म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे काही नाही. माझी सायकल अशी: ॲल्युमिनियमची फ्रेम, साइझ एस, साडेसत्तावीस इंची चाकं, पुढचं चाक धरणारा, १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (म्हणजे तो पुढचा शॉकअप), गिअर पुढे दोन मागे आठ, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, वजन साडेचौदा किलोच्या आसपास. सायकलचे ३१ हजार, त्यावर हेल्मेट, ग्लोव्हज, पंप, दोन जास्तीच्या ट्यूब असं धरून ३६ पर्यंत गेले. मी घेतली तेव्हा सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, म्हणजे आता घेणाऱ्यांचे थोडे वाचतील, ते हेल्मेटमध्ये घाला.

मी ४२ वर्षांची, राहते पुण्यात, कोथरूडला, उंची पाच फूट तीन इंच. शाळेत सायकल चालवली होती, ती डोंगराची नाही, कर्वे रोडची. महात्मा टेकडीवर रोज चालायला जायचे आणि तिथल्या पायवाटांवरून पोरं सायकल घेऊन जाताना दिसायची, तिथून हे डोक्यात शिरलं. त्यात संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय पातळीवर एमटीबीत पदकं आणते हे वाचलं होतं, आपल्याच मुरमाच्या आणि दगडाच्या मुलखातली मुलगी, मग म्हटलं चालवून तर बघू.

पहिल्या दुकानात मला जी सायकल दाखवली ती दोन्हीकडे शॉकअप असलेली, लोखंडी, २१ गिअरवाली, १८ हजारांची. "मॅडम, खड्डे कळणारच नाहीत तुम्हाला." मी ती उचलून बघितली तर कमरेत कळ आली, अठरा किलोच्या खाली नव्हती ती. दुकानासमोरच्या छोट्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागची स्प्रिंग खाली-वर, खाली-वर, म्हणजे माझ्या पायातला अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यातच जात होता. चांगल्या फुल सस्पेन्शन सायकलीत स्प्रिंगची उसळी आवरायला आत ऑइल असतं, हवेचा प्रेशर सेट करता येतो, पण त्या सायकली लाखाच्या पुढे जातात. अठरा हजारात मागचा शॉकअप म्हणजे नुसतं वजन आणि पुढे-मागे खडखडणारे बुशिंग. हे मी इतकं लांबण लावून सांगतेय कारण माझ्या भावाने मुलासाठी नेमकी तशीच सायकल घेतली आणि ती आता जिन्याखाली उभी आहे, मुलाला वाटतंय आपल्यालाच चढ जमत नाही. त्याला जमतो, सायकलला जमत नाही.

दुसऱ्या दुकानात एक वयस्कर मेकॅनिक काका होते, त्यांनी किंमत सांगायच्या आधी म्हटलं, "ताई, आधी सायकलवर उभ्या राहा, बसू नका." दोन्ही पाय जमिनीला टेकवून मधल्या दांडीवर उभं राहायचं आणि दांडी आणि आपण यांच्यात निदान दोन इंचांचं अंतर राहिलं पाहिजे, कारण टेकडीवर पाय कुठेही खड्ड्यात पडतो आणि तेव्हा दांडी लागते. त्यांच्याकडे एम साइझ उभी होती, मला आवडलेल्या रंगात, डिस्काउंटसकट. ती त्यांनी सरळ बाजूला ठेवली, म्हणाले एस यायला बारा दिवस लागतील, थांबा. माणसाने हातातलं गिऱ्हाईक थांबवलं! त्या बारा दिवसांबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते. मध्यंतरी मैत्रिणीची एम चालवून बघितली, सपाटीला काही फरक कळत नाही, पण उतारावर हँडल इतकं लांब पडतं की कोपर ताठ होतात, आणि कोपर ताठ झाले की प्रत्येक दगड सरळ खांद्यात.

आता ब्रेक. माझ्या मते अख्ख्या सायकलीत पैसे कुठे घालायचे तर इथे.

आमच्या टेकड्यांचा उतार कसा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. खाली काळा खडक आणि त्यावर मुरूम असा पसरलेला की फरशीवर ज्वारी सांडल्यासारखं, चाक धरायला जमीनच सापडत नाही. अशा ठिकाणी ब्रेक नुसता "लागून" उपयोग नाही, तो किती लागला हे बोटाला कळलं पाहिजे. हायड्रॉलिकमध्ये वायरऐवजी ऑइल असतं आणि एका बोटात, अगदी एका बोटात, ब्रेक थोडासा, अजून थोडा, अजून जरा, असा मोजून लावता येतो. बाकीची तीन बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. वायरवाल्या डिस्कमध्ये माझी दोन-तीन बोटं जातात आणि दहा मिनिटांच्या उतारानंतर पंजा आखडतो, मैत्रिणीच्या सायकलवर हे स्वतः अनुभवलंय. दोन्हीतला फरक दुकानात तीन-चार हजारांचा असतो. हे पैसे द्या. त्यासाठी गिअर कमी चालतील, रंग कुठलाही चालेल.

ब्रेकवरून एक गोष्ट आठवली. हा खेळ सुरू झाला तो १९७० च्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. तिथली तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली यायची. त्या सायकलींना पायडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये ब्रेक लागायचा, आणि एका उतारावर तो हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग दर वेळी हब उघडून ग्रीस नव्याने भरायचं. नव्याने भरणे म्हणजे इंग्रजीत रिपॅक, त्या उताराचं नावच रिपॅक पडलं आणि १९७६ पासून तिथे शर्यती लागायला लागल्या. वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं. हे सगळं वाचलं तेव्हा माझ्या बोटाखालच्या त्या छोट्या लिव्हरबद्दल मला फार कृतज्ञ वाटलं.

नवे डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी नीट लागत नाहीत, घाबरू नका, सायकल खराब नाहीये. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत हळू करायचं, पुढचा वेगळा मागचा वेगळा, पंधरा-वीस वेळा. दहाव्या वेळेपासून फरक कळायला लागतो. आणि त्या डिस्कला तेलाचा हात लावायचा नाही, कधीच नाही. हे मला महागात पडून कळलं. घाईत एका ठिकाणी (नाव देत नाही) सर्व्हिसिंगला टाकली, त्यांनी स्प्रे घेऊन चेनवर मारला तो मागच्या डिस्कवरही उडाला. घरी येताना ब्रेक दाबला की कुत्रं केकाटल्यासारखा आवाज आणि सायकल थांबेचना. पॅड तेल पिऊन बसले होते, घासून बघितले, काही झालं नाही, शेवटी नवे घालावे लागले. तेव्हापासून चेनचं तेल मी स्वतः घालते, थेंब थेंब, एकेका कडीवर, मग जुन्या बनियनच्या फडक्याने वरचं पुसून टाकते.

पडले कधी ते पण सांगते, कारण तिथे सायकलपेक्षा माझं चुकलं होतं आणि नव्या माणसाचं हमखास तिथेच चुकतं. दुसराच आठवडा, बावधनच्या बाजूला उतरताना डावीकडे वळण होतं, वळणात मुरूम, आणि मी वळता वळता पुढचा ब्रेक गच्च दाबला. पुढचं चाक सरकलं आणि मी आडवी. कोपर सोललं, ग्लोव्हज होते म्हणून तळहात वाचले. नंतर काकांनी सांगितलं ते असं: पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक, त्याला भ्यायचं नाही, पण तो वळायच्या आधी, सरळ असताना लावायचा आणि वळणात सोडायचा. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, सीटवरून उठायचं, गुडघे-कोपर मोकळे, बूड जरा मागे, आणि नजर चार-पाच मीटर पुढे. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते. हे शेवटचं तर मी शंभर वेळा पडताळून पाहिलंय.

त्या पडण्यात मागचा गिअर आत वाकला. चेन स्पोकला घासायला लागली, मला वाटलं गेली सायकल. तर गिअर आणि फ्रेमच्या मध्ये एक बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात, तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. काही शे रुपयांची वस्तू, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आणि माझा मागवायला आठ दिवस लागले, आठ दिवस सायकल उभी. सायकल घेताना त्याच दिवशी एक जास्तीचा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

आता टायर, म्हणजे खरं तर बाभूळ. परदेशातले व्हिडिओ बघून एमटीबी शिकायला जाल तर त्यात बाभळीच्या काट्याबद्दल कोणी अवाक्षर बोलत नाही. सुकलेला पांढरा काटा, दीड-दोन इंचांचा, पायवाटेवर पडलेल्या फांदीला जोडीने लागलेला, आणि तो टायरमध्ये असा सरळ शिरतो की आवाजही येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मला सात पंक्चर झाले. त्यातले तीन एकाच काट्याचे! मी ट्यूब बदलायचे, हवा मारायची, दोन किलोमीटरवर परत फुस्स. कारण काटा बाहेरून मोडलेला आणि टोक टायरच्या आत तसंच, राईच्या दाण्याएवढं, डोळ्याला दिसतच नव्हतं. आता पद्धत अशी: ट्यूब काढताना व्हॉल्व कुठे होता ते टायरवर खडूने खूण करून ठेवायचं, ट्यूबमधलं भोक बादलीतल्या पाण्यात बुडबुड्यांवरून शोधायचं, मग खुणेवरून टायरची तेवढीच जागा बघायची. बोट फिरवू नका, बोटात घुसतो, कापूस फिरवा, टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. ही युक्ती मला आमच्या गल्लीतल्या टू-व्हीलरच्या पंक्चरवाल्याने शिकवली, त्याने पैसेही घेतले नाहीत.

आणि वाटेत काटा टोचलेला दिसला तर लगेच उपटू नका. तो भोक बुजवून बसलेला असतो, हवा हळूहळू जाते, पुष्कळदा घरापर्यंत येता येतं. उपटला की संपलं. ऑक्टोबरमध्ये मी दोन्ही ट्यूबमध्ये सीलंट भरून घेतलं, पांढरं चिकासारखं असतं, त्यानंतर आजपर्यंत फक्त दोन पंक्चर. सीलंट असेल तर मात्र उलटं, काटा काढायचा आणि चाक लगेच फिरवायचं म्हणजे चीक भोकापाशी येऊन बसतो.

हवेचं पण सांगते. दुकानातून सायकल आली तेव्हा टायर दगडासारखे टणक, ५५ की ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होते. रस्त्यावर पळते मस्त, टेकडीवर मात्र चेंडूसारखी उडते आणि मागचं चाक चढावर नुसतं गरगर फिरतं. माझं वजन ६२, मी आता पुढे २८ मागे ३२ ठेवते आणि हा बदल फुकटचा आहे आणि सगळ्यात मोठा आहे, तोच चढ, तेच पाय, आणि चाक मातीला चिकटून वर जातं. फार कमी पण करू नका, एकदा २२ वर गेले होते तर दगडाच्या कडेवर रिम आपटली आणि ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. गेज असलेला पंप घ्या, अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

फोर्कबद्दल खरं सांगायचं तर ठीक आहे. स्प्रिंगचा आहे, जड आहे, माझ्या वजनाला जरा कडकच पडतो, वरचा नॉब पूर्ण सैल केला तरी १०० मधले साठ-सत्तर मिलिमीटरच वापरले जातात. छोट्या छोट्या खडीवर हात थरथरतात. पण दगडी पायरी आली की वाचवतो. प्रत्येक राइडनंतर त्याच्या चकचकीत नळ्या पुसा, नाहीतर धूळ सीलमधून आत जाते. गिअर उत्तम, काहीच तक्रार नाही, सगळ्यात खालचा गिअर बोपदेव घाटाला सुद्धा पुरतो आणि वर कानिफनाथच्या बाजूच्या कच्च्या चढाला पण पुरला, मध्ये दोनदा उतरावं लागलं ते दमामुळे. सीट पहिले दोन आठवडे टोचते, मग टोचत नाही, लगेच जेलचं कव्हर घ्यायला धावू नका. पायडल प्लॅस्टिकचे आले होते, पावसात पाय सटकतो, ते मी बदलले, पिना असलेले नायलॉनचे घेतले, बाराशे रुपये.

पावसाळ्याचं म्हणाल तर मी कच्च्या वाटांवर जातच नाही आता. गेल्या जुलैत सासवडच्या बाजूला शेतातल्या वाटेने घुसलो आम्ही तिघी, काळी चिकण माती, शंभर मीटरमध्ये चाकं फोर्कला चिकटून बंद. ढकलता पण येईना, खांद्यावर घेऊन बाहेर आलो. आणि ओल्या वाटेत चाकाच्या चऱ्या पडतात, त्या वाळल्या की चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात, शेतकऱ्याच्या बांधाचं नुकसान होतं ते वेगळं. पावसात आम्ही खडकवासल्याच्या पुढे पानशेत रोडने जातो, डांबरावरून, भिजायला. घरी आल्यावर बादली, पाणी ओतायचा मग आणि जुना टूथब्रश. गाड्या धुतात तो जोराचा फवारा सायकलीवर मारायचा नाही, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

टेकडीवर सकाळी साडेसहा ते आठ आजी-आजोबा असतात, त्या वेळी आम्ही वरच्या रुंद वाटेवर पण हळू जातो, घंटी लावलीय, लांबूनच वाजवतो आणि जवळ आलो की उतरून "नमस्कार काका" म्हणून पुढे जातो. पहिल्या महिन्यात एका आजींनी चांगलंच सुनावलं होतं, त्यांचं बरोबर होतं. आता त्याच विचारतात, आज एकटीच का गं.

हेल्मेटवर एकच, चालू प्रमाणपत्राचं घ्या, आतल्या स्टिकरवर ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक) लिहिलेलं असतं, आणि डोक्यावर ठेवून पट्टा न लावता मान हलवून बघा, डगमगलं तर ते तुमचं नाही.

चौदा महिन्यांचा खर्च सायकल सोडून असा झाला: ब्रेक पॅड, हँगर, पायडल, सीलंट, चार ट्यूब, एक चेन आणि दोन सर्व्हिसिंग मिळून साडेसहा हजारांच्या आत. पाचापैकी विचाराल तर सायकलला चार, एक फोर्कचा कापला. काकांच्या दुकानाला पाच. रोजचं पेठेत जाणं-येणं आणि रविवारी हायवे एवढंच करायचं असेल तर ही घेऊ नका, जाड टायर डांबरावर दम काढतात, हायब्रिड बघा, म्हणजे बारीक टायरची, रस्त्यासाठीची सायकल. टेकडीवरच जायचं असेल तर निःशंक घ्या.

सीटच्या नळीवर मी दोन पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, खालची चढाला, वरची उताराला, म्हणजे वाटेत लिव्हर उघडून सीट खालीवर करताना अंदाज लागतो. गेल्या रविवारी जिन्याखालच्या सायकलवाल्या भाच्याला महात्मा टेकडीवर नेलं आणि माझी सायकल त्याच्या हातात दिली. पहिला चढ तो न उतरता गेला, वरून हाका मारत होता. आता वरच्या पट्टीच्याही वर तिसरी लावलीय, निळी, त्याच्या उंचीची.